डोक्यात हुनर ओतता येईल का?

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुलं घरी उर्दू बोलतात, बाजारात मराठी ऐकतात आणि परीक्षेत मराठीचा पेपर पाहून घाबरतात. त्या दिवशी फळ्यावर नपुंसकलिंग होतं. उर्दूत दोनच लिंगं, मराठीत तीन. किताब उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून आमची मुलं बिनदिक्कत 'माझी पुस्तक' म्हणतात. ते घर, ते झाड, ते पुस्तक असं मी लिहीत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ये सब डायरेक्ट दिमाग में डाउनलोड नहीं हो सकता क्या?"

वर्ग हसला. त्या मुलाने मोबाइलवर 'द मॅट्रिक्स' या १९९९ च्या सिनेमातला एक तुकडा पाहिला होता. नायकाच्या डोक्यामागे तार जोडतात, तो काही क्षण डोळे मिटतो आणि उघडतो तेव्हा त्याला कुंग फू येत असतं. मी त्याला म्हटलं, "मेहनत टाळायचे बहाणे आहेत हे. बस खाली." तो बसला.

ते उत्तर मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं. त्याची दोन कारणं आहेत. दुसरं शेवटी सांगेन. पहिलं हे, की त्याचा प्रश्न आळशी पोराचा नव्हता. इल्म आणि हुनर माणसात नेमकं कुठे राहतं, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं, हा फार जुना प्रश्न आहे. मोठमोठ्या माणसांनी त्यात आयुष्यं घातली आहेत.

इमाम गझालींचा (१०५८–११११) एक किस्सा त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. तरुण गझाली खुरासानातल्या तूसहून जुर्जानला शिकायला गेले. तिथल्या उस्तादांकडून जे ऐकलं ते कागदांवर उतरवून परत निघाले. वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझाली सरदाराच्या मागे धावले. बाकी सगळं घ्या, पण ते कागद परत द्या, ते तुमच्या काही कामाचे नाहीत, माझं सगळं शिक्षण त्यात आहे, अशी विनवणी केली. सरदार हसला. कागद गेले आणि तू कोरा राहिलास, तर तू शिकलास असं म्हणतोस कशाला, असं काहीसं बोलून त्याने कागद परत दिले. गझाली तूसला आले आणि तीन वर्षं बसून त्यांनी ते सगळं पाठ केलं. पुन्हा लुटलो गेलो तरी इल्म जाऊ नये म्हणून.

मी बी.एड. करत असताना हा किस्सा ऐकला तेव्हा मला पाठांतराचा विजय वाटला होता. आज वाटतं, त्यातला प्रश्न अर्धाच सुटला आहे. कागदावरचं डोक्यात आलं, ठीक. पण डोक्यात आलेलं हातात आणि जिभेवर कधी येतं?

या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाला गझालींनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी इब्न खल्दूनने हात घातला. १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्याने एक शब्द वारंवार वापरला आहे, 'मलका'. एखादी कृती पुन्हा पुन्हा करत राहिल्याने ती माणसात पक्की मुरते आणि मग न अडखळता होऊ लागते, तिला तो मलका म्हणतो. ऐकून किंवा वाचून माहिती होते, मलका होत नाही. कारागिरी ही शरीराने करायची गोष्ट आहे, म्हणून ती उस्तादासमोर हाताने करूनच येते, असं तो सांगतो. मलका त्याच्या लेखी मनाला चढलेल्या रंगासारखी आहे. एक रंग पक्का बसला की त्यावर दुसरा बसणं अवघड. म्हणून उत्तम शिंप्याला पुढे उत्तम सुतार होणं क्वचितच जमतं, हे उदाहरण त्याचंच.

त्याने पाठांतरावरही बोट ठेवलं आहे. त्याच्या काळी मोरोक्कोच्या मदरशांत विद्यार्थी सोळा वर्षं राहत, ट्युनिसमध्ये पाच. सोळा वर्षं राहूनही अनेकांच्या हाती मलका लागत नसे. तो विद्यार्थ्यांना मंदबुद्धी म्हणत नाही. मुलं वर्गात गप्प बसतात, नुसतं पाठ करतात, बोलत नाहीत, वाद घालत नाहीत, म्हणून असं होतं, असं तो म्हणतो. दोष शिकवण्याच्या पद्धतीत आहे. मी शिक्षिका आहे. ते पान मला सोयीचं नाही.

मलका म्हणजे काय हे मला इब्न खल्दून वाचण्याच्या खूप आधी घरात दिसलं होतं. अब्बा कातिब होते. मालेगावातल्या उर्दू साप्ताहिकांची आणि लग्नपत्रिकांची किताबत करायचे. ऑफसेटच्या काळात बटर पेपरवर, त्याआधी लिथोसाठी लेप दिलेल्या पिवळ्या कागदावर. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी मला तख्ती दिली. मुलतानी माती फासायची, वाळवायची, बरूचा कलम तिरका कापून घ्यायचा आणि लिहायचं. नस्तालीक लिपीत अलिफची उंची कलमाच्या टोकाने काढलेल्या तीन नुक्त्यांइतकी. हे वाक्य मला एका मिनिटात पाठ झालं. सरळ अलिफ काढायला मात्र पूर्ण पावसाळा गेला. अब्बा याला मश्क म्हणत. फारसी सुलेखनाच्या परंपरेत मश्कीचे तीन प्रकार सांगितलेत. सोळाव्या शतकातल्या बाबा शाह इस्फहानींच्या नावावर असलेल्या 'आदाबुल मश्क' या रिसाल्यात ते येतात. उस्तादाचं अक्षर डोळ्यांनी निरखणं ही नजरी मश्क, ते हाताने गिरवणं ही कलमी मश्क, आणि समोर नमुना नसताना मनातून लिहिणं ही खयाली मश्क.

आता त्या मुलाच्या तारेकडे येऊ. मश्क टाळून थेट डोक्यात ओतायचं स्वप्न विसाव्या शतकात विज्ञानाच्या नावाने फार गाजलं. १९११ मध्ये अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एका कादंबरीत झोपेत डोक्यात पुस्तकं भरणारं यंत्र कल्पिलं. पुढे उशीखाली स्पीकर ठेवून झोपेत परकी भाषा शिकवणाऱ्या तबकड्या विकल्या गेल्या. १९५० च्या दशकात चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवत हे तपासलं. जे थोडंफार लक्षात राहत होतं ते माणूस अर्धवट जागा असतानाचं. गाढ झोपेत ऐकवलेलं सकाळी काही उरत नव्हतं.

मग जीवशास्त्रज्ञांची पाळी आली. मिशिगन विद्यापीठात जेम्स मॅक्कॉनेल प्लॅनेरिया नावाच्या चपट्या किड्यांवर प्रयोग करत. हा किडा कापला तर दोन्ही तुकड्यांचे पूर्ण किडे होतात. उजेड पाडायचा आणि लगेच विजेचा हलका झटका द्यायचा. काही वेळाने किडे नुसत्या उजेडानेच आक्रसू लागत. मॅक्कॉनेलनी असे 'शिकलेले' किडे बारीक करून अडाणी किड्यांना खाऊ घातले, आणि १९६२ मध्ये जाहीर केलं की खाणारे किडे लवकर शिकतात. म्हणजे शिक्षण एखाद्या रसायनात साठतं आणि ते रसायन दुसऱ्याला देता येतं. त्यावरून मग म्हाताऱ्या प्राध्यापकांचं काय करावं याचे विनोद निघाले. आम्हा शिक्षकांना ते फारसे हसवणारे नाहीत.

उंदरांवरही असे प्रयोग झाले. पण १९६६ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या २३ संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एकत्र पत्र लिहून कळवलं, की आम्हाला उंदरांत हा परिणाम आढळला नाही. तरी ह्यूस्टनचे जॉर्जेस उंगार मागे हटले नाहीत. अंधाराला घाबरायला शिकवलेल्या हजारो उंदरांच्या मेंदूंतून त्यांनी एक रेणू वेगळा केला, १५ अमिनो आम्लांचा. त्याला नाव दिलं स्कोटोफोबिन, म्हणजे अंधारभयाचा रेणू. १९७२ मध्ये तो शोध 'नेचर'मध्ये छापून आला, पण टीकेला टिकला नाही. १९७७ मध्ये उंगार वारले आणि तो विषयही मागे पडला.

पूर्ण संपला मात्र नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ग्लान्झमन यांच्या गटाने झटके दिलेल्या समुद्री गोगलगायींमधला आरएनए काढून दुसऱ्या गोगलगायींना टोचला. त्याही स्पर्शाने जास्त वेळ आक्रसून राहू लागल्या. हा प्रयोग गांभीर्याने घेण्यासारखा आहे. पण नेमकं काय गेलं ते पाहा. दचकणं गेलं. कुठलंही कौशल्य गेलं नाही. किडा, उंदीर, गोगलगाय, तिन्ही ठिकाणी जे 'ओतलं' असं सांगितलं गेलं ते भीतीच्या जातीचं होतं. भीती एका जिवातून दुसऱ्यात जाणं आपल्यालाही नवीन नाही. दंगलीच्या काळात गल्लीतली मुलं ती न शिकवता शिकतात. 'माझं पुस्तक' म्हणायला मात्र शिकवावं लागतं.

याच काळात मेंदूबद्दलचं एक मोठं सत्य एका माणसाच्या दुर्दैवातून हाती लागलं. हेन्री मोलायसन नावाच्या अमेरिकन तरुणाला फेफऱ्याचा भयंकर त्रास होता. १९५३ मध्ये तो २७ वर्षांचा असताना शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. फेफरं बरंच कमी झालं, पण नवीन काही लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. भेटलेला माणूस दार ओलांडून गेला की परका. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. कागदावर एकात एक अशा दोन चांदण्या. त्यांच्या मधल्या पट्टीतून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट न पाहता आरशात पाहून. पहिल्या दिवशी रेघ सैरावैरा गेली. तिसऱ्या दिवशी ती सफाईने फिरू लागली. हे काम आपण पूर्वी कधी केलं आहे, असं मात्र त्याला वाटतच नव्हतं. १९६२ मध्ये मिलनर यांनी हे मांडलं. त्यातून हळूहळू स्पष्ट झालं की 'काय' हे लक्षात ठेवणारी व्यवस्था वेगळी आणि 'कसं' हे मुरवणारी वेगळी. गझालींचे कागद आणि इब्न खल्दूनची मलका मेंदूतही एका जागी राहत नाहीत.

मला हे कळलं ते अब्बांच्या आजारपणात. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना नावं आठवत नसत. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसून त्यांच्याच जुन्या कलमाने 'नून' काढत होते. बराच वेळ ते बघत राहिले, मग माझ्या हातातून कलम घेतला आणि एका झटक्यात पूर्ण दायरा काढून दाखवला. हात थोडा थरथरत होता, गोलाई जराही चुकली नाही. कलम परत देत म्हणाले, "दायरा पूरा करो, बेटा. किसकी लड़की हो?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं.

मग तार जोडून काहीच होणार नाही का? प्रामाणिकपणे सांगायचं तर काही होतंय. २०११ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये एक प्रयोग छापला. यंत्रात झोपलेल्या माणसाच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागाची हालचाल संगणक वाचतो आणि समोर एक वर्तुळ दाखवतो. वर्तुळ मोठं करायचं, कसं ते सांगत नाहीत. माणूस मनातल्या मनात काहीबाही करत राहतो, आणि मेंदू ठरावीक नमुन्याकडे वळत जातो. शेवटी त्याला विशिष्ट कोनातल्या रेघा जास्त चांगल्या ओळखता येऊ लागतात, आपण काय शिकतोय हे माहीत नसताना. तेव्हा वर्तमानपत्रांना 'मॅट्रिक्स'च आठवला. पण बारकाईने पाहिलं तर त्या माणसांनाही पाच-दहा दिवस बसावं लागलं होतं. ती मश्कच होती, फक्त न सांगता करून घेतलेली.

खयाली मश्कीलाही आधार मिळाला आहे. १९९५ मध्ये पास्कुआल-लिओन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रोज दोन तास असं पाच दिवस पियानोचा बोटांचा धडा नुसता मनात वाजवणाऱ्यांच्याही मेंदूत बोटांचा नकाशा बदलतो. प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांइतकी सफाई त्यांना आली नाही, पण नंतर थोडा सराव करताच ते त्यांच्या जवळ पोचले. अब्बांना ही बातमी सांगितली असती तर ते नक्कीच म्हणाले असते, यात नवीन काय?

मेंदूत खरोखर तार जोडल्यावर काय होतं, हे पाहायलाही सिनेमाची गरज नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात. कानाच्या आत बारीक तार जाते आणि आवाज विजेच्या रूपात थेट श्रवणाच्या नसेला मिळतो. आमच्या शाळेत अशी एक मुलगी आहे. यंत्र सुरू झालं त्या दिवशी तिला भाषा आली नाही. आला तो आवाजांचा कल्लोळ. त्यातून 'अम्मी' हा शब्द वेगळा काढायला तिला आणि तिच्या आईला थेरपीच्या असंख्य फेऱ्या माराव्या लागल्या. तार दार उघडते. आत चालत जावं लागतं ते आपल्यालाच.

याचं कारण कळायला अवघड नाही. फाइल एका संगणकातून दुसऱ्यात जाते कारण दोन्ही यंत्रं एकाच पद्धतीने लिहितात-वाचतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांच्या जोडण्या प्रत्येकाने आपापलं आयुष्य जगून विणलेल्या आहेत. अब्बांच्या मेंदूतला 'नून' अब्बांच्या मनगटासाठी होता. तो माझ्या डोक्यात टाकला तरी त्याला माझं मनगट परकंच.

इथे कुणी म्हणेल, हुनर यंत्रात तर उतरतं ना? उतरतं. आमच्या घराने ते पाहिलं आहे. नस्तालीकमध्ये शेजारचं अक्षर बदललं की आधीच्याचा आकार बदलतो, म्हणून ती टाइपात बसवणं फार कठीण मानलं जाई. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २०,००० अक्षरजोड तयार केले, मोनोटाइप कंपनीने ते संगणकात बसवले, आणि १९८१ मध्ये लाहोरचं 'जंग' त्या नूरी नस्तालीकमध्ये निघालं. १९९४ मध्ये भारतात इनपेज हे सॉफ्टवेअर आलं. काही वर्षांत गावोगावचे कातिब घरी बसले. चेन्नईच्या 'द मुसलमान'सारखं १९२७ पासून हाताने लिहिलं जाणारं दैनिक अपवाद ठरलं. अब्बांनीही दुकान बंद केलं. ते चिडले नाहीत, पण बरेच दिवस त्यांना वेळ कसा घालवायचा ते कळेना.

मी याच्यावर सरसकट रडणार नाही. इनपेजमुळे उर्दू पुस्तकं स्वस्त झाली, पटापट निघू लागली, माझ्या शाळेची प्रश्नपत्रिका मी स्वतः टाइप करते. पण नेमकं काय उतरलं ते लक्षात घ्यावं. एका माणसाच्या मश्कीचं फळ यंत्रात उतरलं. मलका उतरली नाही. मी रोज नूरी नस्तालीक छापते, आणि माझा स्वतःचा अलिफ अजून तिरका येतो.

आता दुसरं कारण. त्या तासानंतर काही दिवसांनी त्या मुलाची वही तपासताना गृहपाठ पुन्हा अर्धा दिसला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. घरात लूम आहे. शाळेतून गेल्यावर तो रात्री उशिरापर्यंत कांड्या भरतो. पॉवरलूमच्या त्या खडखडाटात वही उघडायला त्याला ना जागा आहे, ना वेळ. मग मला कळलं की मेहनत टाळायचे बहाणे असं मी कुणाला म्हणाले होते. वर्गात त्याच्याइतकी मेहनत कुणीच करत नसेल. त्याला हवा होता वेळ. ज्याच्याकडे मश्कीला वेळ नाही, तो जादूची तारच मागणार.

पुढे-मागे अशी तार खरंच निघालीच, तर ती आधी कुणाच्या डोक्याला लागेल हे सांगायला ज्योतिषी नको. तिच्या आशेवर त्याला बसवणं जितकं चूक, तितकंच 'मेहनत कर' असं वरून सांगून मोकळं होणंही चूक. मश्क लागतेच. गझाली, इब्न खल्दून, मिलनर सगळे तेच सांगतात. मग ती घरी होत नसेल तर वर्गात व्हायला हवी, आणि ती तिथे होऊ शकत नाही कारण वर्गात मी बोलते आणि मुलं गप्प बसतात. सोळा वर्षांचं ते मदरसा माझ्याच वर्गात भरतं.

आता मी तासातली पंधरा मिनिटं फळ्याला पाठ करून बसते. मुलं एकमेकांशी मराठीत बोलतात, चुकतात, एकमेकांना टोकतात. गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातून तक्रारही आली. निकाल किती बदलेल माहीत नाही. परवा तो मुलगा बाकावरून उठून शेजाऱ्यावर ओरडला, "मॅडम, यानं माझी पुस्तक..." आणि थांबला. मी काही बोलले नाही. "माझं. माझं पुस्तक घेतलं," तो म्हणाला, आणि पुस्तक ओढून खाली बसला.